कुलगुरू मॅग्नेस आणि त्यांचं न ऐकणारा समाज

आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे, त्याचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावरून गेलं असेल. पण वर्ध्याजवळच्या सेगावशी, म्हणजे ज्याला पुढे सेवाग्राम म्हणू लागले त्या गावाशी, या माणसाचा एका पत्रापुरता संबंध आला होता. तिथूनच सुरुवात करतो.

नोव्हेंबर १९३८. जर्मनीत ९ आणि १० तारखेला ज्यूंची प्रार्थनालयं जाळली गेली, दुकानं फोडली गेली, तीसेक हजार ज्यू पुरुष छळछावण्यांत डांबले गेले. गांधीजी तेव्हा सेगावला होते. त्यांनी 'हरिजन'साठी ज्यूंविषयी एक लेख लिहिला, तो २६ नोव्हेंबरला छापून आला. लेखात ज्यूंबद्दल सहानुभूती होती. पण दोन गोष्टी अशा होत्या की जगभरचे ज्यू वाचक दुखावले गेले. एक म्हणजे, पॅलेस्टाईन हा अरबांचा देश आहे आणि ज्यूंनी तो त्यांच्यावर लादून घेऊ नये. आणि दुसरी, जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, मरण आलं तरी हसत पत्करावं.

या लेखाला जेरुसलेमहून दोन उत्तरं लिहिली गेली आणि एका पुस्तिकेत एकत्र छापली गेली. एक मार्टिन ब्युबर या तत्त्वज्ञाचं. ते बरंच प्रसिद्ध आहे, आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांत त्याचा उल्लेख व्हायचा. दुसरं, २६ फेब्रुवारी १९३९ या तारखेचं, ज्यूडा मॅग्नेस यांचं. हे मॅग्नेस म्हणजे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे त्या वेळचे अध्यक्ष. ब्युबरांचं पत्र मोठं आहे, भारदस्त आहे. मॅग्नेस यांचं पत्र वेगळंच. त्यात वादविवादाचा आव नाही. एक शांततावादी माणूस दुसऱ्या शांततावादी माणसाला विचारतो आहे, की तुम्ही सांगता ते करायचं कसं, ते मला सांगा.

हा प्रश्न विचारायचा अधिकार या माणसाने कसा मिळवला, हे आजच्या व्याख्यानात सांगायचं आहे. पत्राकडे शेवटी परत येऊ.

मॅग्नेस यांचा जन्म ५ जुलै १८७७ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. लहानपण शेजारच्या ओकलंडमध्ये गेलं. सिनसिनाटीला त्यांनी रब्बी होण्याचं शिक्षण घेतलं, १९०० साली रब्बी झाले, आणि मग जर्मनीत जाऊन १९०२ मध्ये हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ जोसेफ इब्न अकनिन यांचा एक ग्रंथ, 'अनिवार्य अस्तित्व' म्हणजे काय आणि जग त्यातून कसं निघतं याची चर्चा करणारा. विषय काय सुंदर आहे! पण पुढे मॅग्नेस यांनी त्या वाटेने फारसं काही केलं नाही, आणि विद्वानांनी हे त्यांना पुढे तीस वर्षं ऐकवलं. त्याच्याकडे येतोच.

जर्मनीतून ते परत आले ते झायोनिस्ट होऊन. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या टेंपल इमॅन्युएल या प्रार्थनालयात रब्बी म्हणून नेमले गेले. हे शहरातल्या सर्वांत धनवान ज्यूंचं ठिकाण. बँकर, व्यापारी, वकील, बहुतेक जर्मन वंशाचे, दोन पिढ्यांपासून अमेरिकेत स्थिरावलेले. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, लोअर ईस्ट साइडच्या चाळींत, रशिया-पोलंडमधून दंगलींना कंटाळून आलेले लाखो गरीब ज्यू. शिवणकाम करणारे, हातगाडीवाले. यिद्दिश बोलणारे. वरच्यांना खालच्यांची लाज वाटायची, खालच्यांना वरच्यांचा राग यायचा. मॅग्नेस यांचं लग्न वरच्या वर्तुळात झालं, बायकोची बहीण लुई मार्शल या त्या काळच्या फार मोठ्या ज्यू पुढाऱ्याला दिलेली. मन मात्र खालच्या वस्तीत.

सप्टेंबर १९०८ मध्ये एक प्रकरण घडलं. न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त थिओडोर बिंगहॅम यांनी एका मासिकात लिहिलं, की शहरातले निम्मे गुन्हेगार ज्यू आहेत. एकच गहजब झाला, बिंगहॅमना विधान मागे घ्यावं लागलं. पण या गडबडीत ज्यूंच्या लक्षात आलं, की आपल्या सगळ्यांच्या वतीने बोलायला कोणीच नाही. दहा लाखांच्या आसपासचा समाज आणि प्रत्येक गावची वेगळी मंडळी, प्रत्येकाचं वेगळं प्रार्थनालय. यातून १९०९ मध्ये 'केहिला' स्थापन झाली आणि बत्तिशीतल्या मॅग्नेसना तिचं अध्यक्ष करण्यात आलं.

केहिला म्हणजे युरोपातली जुनी ज्यू जमात-पंचायत. आपल्याकडे कोकणातल्या बेने इस्रायल लोकांच्या प्रार्थनालयाचा एक मुकादम असायचा, तशीच व्यवस्था पण बरीच विस्तारलेली. पूर्वी युरोपात तिच्यामागे राजाचा हुकूम असे, कर वसूल करण्याचा अधिकार असे. अमेरिकेत हे काहीच नव्हतं. कोणी मानलं तर पंचायत, नाही मानलं तर नुसता फलक. तरी दहा-बारा वर्षं मॅग्नेस यांनी ती चालवली. १९१० मध्ये शिक्षणाचं कार्यालय काढलं, त्याने अमेरिकेतल्या ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणाची पद्धतच बदलली. फरच्या धंद्यात मालक आणि कामगार दोन्ही ज्यू, त्यांच्यात हे रब्बी मध्यस्थ म्हणून बसायचे. आणि १९१२ मध्ये एका जुगारअड्डेवाल्याचा भर शहरात खून झाला, तेव्हा केहिलाने चक्क स्वतःचं गुप्तहेर खातं उघडलं! आपल्याच समाजातले जुगाराचे अड्डे, वेश्याव्यवसायाचे दलाल यांची पत्त्यांसकट टिपणं तयार करायची आणि सरकारला द्यायची. चार वर्षांपूर्वी ज्या आरोपावर सगळे उसळले होते, त्यात काही तथ्य आहे का हे आता त्यांचाच अध्यक्ष शोधत होता. लोकांना हे आवडलं असेल असं समजू नका.

दरम्यान टेंपल इमॅन्युएल सुटलं. १९१० च्या पेसाख सणाच्या प्रवचनात मॅग्नेस यांनी त्या धनवान मंडळींना तोंडावर सांगितलं, की तुमचा सुधारलेला धर्म कोरडा झाला आहे, परंपरेकडे वळा. मंडळींनी ऐकून घेतलं आणि रब्बींनी जागा सोडली.

पहिलं महायुद्ध सुरू झालं, आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंसाठी मदत गोळा करणाऱ्या 'जॉइंट' या संघटनेत मॅग्नेस पुढे होते. १९१६ मध्ये ते स्वतः जर्मनी-पोलंडला जाऊन आले. हे नाव लक्षात ठेवा, 'जॉइंट'. शेवटी परत येणार आहे.

मग १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. मॅग्नेस विरोधात उभे राहिले. ३० मे रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या युद्धविरोधी सभेतले ते मुख्य वक्ते. आता परिस्थिती बघा. ज्यू समाज स्थलांतरितांचा, त्याच्या देशनिष्ठेवर आधीच संशय. अशा वेळी त्या समाजाच्या पंचायतीचा अध्यक्ष भर सभेत सरकारच्या युद्धाला विरोध करतो. मार्शल आणि बाकीचे पुढारी हादरले. केहिलाचे पैसे आटले, लोक गळत गेले, १९२२ पर्यंत ती विझली. केहिला मोडायला आणखीही कारणं होती, तिच्या मुळातच कमजोरी होती, हे मान्य. पण मॅग्नेस यांच्या भाषणांनी ती लवकर मोडली यात शंका नाही.

इथे एक प्रश्न मला नेहमी छळतो. संस्थेच्या प्रमुखाने आपलं वैयक्तिक मत बोलावं का? बोललं तर संस्थेवर भुर्दंड पडतो, आणि तो भुर्दंड भरतात ते लोक ज्यांना कोणी विचारलेलं नसतं. मॅग्नेस म्हणत, मी व्यक्ती म्हणून बोलतो. पण अध्यक्षाला व्यक्ती म्हणून कोण ऐकतं? सभेला गर्दी जमते ती पदामुळेच. मॅग्नेस यांना हे कळत नव्हतं असं नाही. तरी ते बोलले, आणि पुढे तीस वर्षं बोलत राहिले.

१९२२ मध्ये ते बायकामुलांसह जेरुसलेमला गेले. तिथे माउंट स्कोपस नावाच्या टेकडीवर हिब्रू विद्यापीठाची पायाभरणी १९१८ मध्येच झाली होती, महायुद्ध अजून संपलं नव्हतं तेव्हा. १ एप्रिल १९२५ ला उद्घाटन झालं. लॉर्ड बालफोर आले होते, तेच ते बालफोर ज्यांच्या नावाचा १९१७ चा जाहीरनामा आहे. टेकडीवर सोहळा चालू होता आणि त्याच दिवशी शहरातल्या अरबांनी हरताळ पाळला होता. मॅग्नेस झाले चॅन्सेलर.

चॅन्सेलर म्हटल्यावर आपल्याला राजभवनातले कुलपती आठवतात, पदवीदानाला येणारे. तसं नव्हतं. मॅग्नेस चॅन्सेलर होते म्हणजे पैसा त्यांच्या हातात, नेमणुका त्यांच्या हातात. याचं कारण साधं होतं. पैसा अमेरिकेतून यायचा, फेलिक्स वॉरबर्गसारख्या धनिकांकडून, आणि त्या धनिकांचा विश्वास मॅग्नेस यांच्यावर होता. सुरुवातीला ज्यूविद्या, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र अशा तीनच संस्था होत्या. आजचं मोठं विद्यापीठ त्यातून उभं राहिलं.

पण अल्बर्ट आइनस्टाइन भडकले. ते या विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी, नियामक मंडळावर होते. त्यांचं म्हणणं, विद्यापीठ विद्वानांनी चालवायचं असतं, देणगीदारांच्या मर्जीतल्या माणसाने नाही. मॅग्नेस यांना ते विद्वान मानतच नव्हते. इब्न अकनिनवरचा तो एक प्रबंध, त्यानंतर काय? १९२८ मध्ये आइनस्टाइन यांनी कारभारातून अंग काढून घेतलं, आणि १९३३ मध्ये जर्मनी सोडावं लागल्यावर जेरुसलेमला न जाता जाहीर टीकाच केली. शेवटी चौकशी समिती नेमावी लागली.

या समितीचे अध्यक्ष होते सर फिलिप हार्टॉग. हे नाव शिक्षणक्षेत्रातल्या मंडळींनी ऐकलेलं असणार. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि भारतातल्या शिक्षणावरचा १९२९ चा हार्टॉग समितीचा अहवाल ज्यांचा, तेच हे हार्टॉग. १९३१ मध्ये लंडनला गांधीजी म्हणाले, की पन्नास-शंभर वर्षांपूर्वी भारतात आजच्यापेक्षा साक्षरता जास्त होती. तेव्हा पुरावा दाखवा म्हणून त्यांच्या मागे लागलेले गृहस्थ हेच. स्वतः ज्यू. तर त्यांनी जेरुसलेमला जाऊन पाहणी केली आणि अहवाल दिला. परिणाम असा, की १९३५ मध्ये शैक्षणिक अधिकार रेक्टरकडे गेले. रेक्टर झाले ह्यूगो बर्गमन, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, प्राग शहरात काफ्काचे वर्गमित्र होते ते. आणि मॅग्नेस यांना 'अध्यक्ष' असं नवं पद दिलं गेलं. म्हणजे गंमत बघा, चॅन्सेलर होते तेव्हा ते खरोखरीचे कुलगुरू होते, आणि अध्यक्ष झाल्यावर बरेचसे आपल्याकडच्या कुलपतींसारखे झाले.

आइनस्टाइन यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आयुष्य विद्यापीठात काढलेल्या माणसाला त्यांची तक्रार पटते. पण आइनस्टाइनना आदर्श विद्यापीठ हवं होतं आणि मॅग्नेसना दर महिन्याचे पगार द्यायचे होते.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट १९२९ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये भीषण दंगली झाल्या. १३३ ज्यू मारले गेले, त्यातले ६७ एकट्या हेब्रॉनमध्ये. अरब मेले ११६, बहुतेक ब्रिटिश पोलीस-सैन्याच्या गोळीबारात. या घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत विद्यापीठाचं नवं वर्ष सुरू झालं, आणि उद्घाटनाच्या भाषणात चॅन्सेलर उठून म्हणाले, की अरबांशी समझोता केल्याशिवाय आपल्याला इथे राहता येणार नाही, आणि संगिनींच्या आधाराने मिळणारं राष्ट्रीय घर मला नको. श्रोत्यांत आरडाओरडा झाला. ज्यांच्या घरातली माणसं नुकती मारली गेली आहेत त्यांच्यासमोर हे बोलणं! मतं मांडली ती मांडली, पण वेळ पाहायला नको का, असं मलाही वाटतं. मग असंही वाटतं, की दंगलीनंतर बोलायचं नाही आणि दंगल नसताना गरज वाटत नाही, तर बोलायचं कधी?

१९३२ च्या फेब्रुवारीत याहून विचित्र घडलं. विद्यापीठात आंतरराष्ट्रीय शांतता या विषयाचं अध्यासन सुरू झालं, प्राध्यापक नॉर्मन बेंटविच. त्यांच्या पहिल्या व्याख्यानात उजव्या गटाच्या विद्यार्थ्यांनी गोंधळ घातला, पत्रकं उधळली. शेवटी पोलीस बोलवावे लागले. शांततेवरचं व्याख्यान पोलिसांच्या बंदोबस्तात पार पडलं, आणि बाजूला कोण, तर आयुष्यभराचे शांततावादी चॅन्सेलर मॅग्नेस.

मॅग्नेस यांचं राजकीय म्हणणं असं, की पॅलेस्टाईन ना ज्यूंचं राज्य व्हावं ना अरबांचं. दोन्ही समाजांचं, समान हक्कांचं एकच द्विराष्ट्रीय राज्य व्हावं. बोलायला सोपं. अडचण एकाच ठिकाणी होती, ज्यू किती येणार? अरबांना भीती, की येत राहिले तर आपण अल्पसंख्य होणार. १९३६ मध्ये मॅग्नेस आणि आणखी चार ज्यू मंडळी अरब पुढाऱ्यांशी बोलत होती, त्यात दहा वर्षांत ज्यूंचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत जावं, त्यापुढे नाही, असा आकडा आला. सालाकडे लक्ष द्या. जर्मनीत हिटलर येऊन तीन वर्षं झालेली, पळून जायला जागा नाही, देशोदेशीची दारं बंद. आणि विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणतो, आपणच संख्येला मर्यादा घालून घेऊ. त्यांच्यावर द्रोहाचा आरोप झाला, आणि आरोप करणारे सगळे माथेफिरू नव्हते. मला विचाराल तर मॅग्नेस यांचा सर्वांत कच्चा दुवा इथे आहे. त्यांच्या बाजूने इतकंच म्हणता येईल, की हा आकडा देऊनही दुसऱ्या बाजूने सही करणारा कोणी मोठा पुढारी त्यांना मिळाला नाही. समेटाला दोघं लागतात आणि ते बहुतेक वेळा एकटेच टेबलाशी बसलेले असायचे.

आता त्या पत्राकडे. १९१७ मध्ये ज्याने युद्धविरोधासाठी आपली पंचायत मोडू दिली, तो माणूस १९३९ मध्ये गांधीजींना लिहितो आहे. त्याचा मुद्दा, माझ्या शब्दांत सांगतो, असा. सत्याग्रहाला साक्षीदार लागतो. तुम्ही मिठासाठी समुद्राकडे चालत गेलात, तुम्ही उपोषण केलंत, तुम्ही व्हाइसरॉयला भेटलात, प्रत्येक वेळी जग बघत होतं, तुम्हाला बोलू दिलं जात होतं. जर्मनीतला ज्यू विरोध करतो तेव्हा त्याला रात्री उचलून नेतात. सकाळी तो नसतो. त्या समाजाच्या पाण्यावर तरंगसुद्धा उठत नाही. अशा ठिकाणी सत्याग्रह कोणासमोर करायचा?

मला वाटतं, अहिंसेच्या तत्त्वज्ञानाला विचारलेला हा फार मूलभूत प्रश्न आहे. गांधीजींचं उत्तर काय असतं याची कल्पना करता येते. ते म्हणाले असते, साक्षीदार ईश्वर आहे. श्रद्धा म्हणून ते ठीक, पण मिठाच्या सत्याग्रहाची जी परिणामकारकता होती ती तेवढ्यावर उभी नव्हती, हे आपण दांडीपासून वार्ताहरांच्या तारा जगभर गेल्या त्यावरून जाणतो. पत्राचा दुसरा भाग अधिक जीवघेणा आहे. मॅग्नेस कबूल करतात, की हिटलरविरुद्ध युद्ध झालं तर मी १९१७ सारखा विरोध करू शकेन का, मला माहीत नाही. युद्ध न्याय्य असतं असं ते म्हणत नाहीत. दोन वाईटांतलं एक निवडायची वेळ आली आहे, इतकंच. आणि ते गांधीजींनाच विचारतात, तुम्ही काय सांगाल? या पत्राला उत्तर आल्याची नोंद सापडत नाही. त्याच सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि मॅग्नेस यांनी त्याला पाठिंबा दिला.

पुढचं थोडक्यात. १९४२ मध्ये झायोनिस्ट चळवळीने ज्यू राज्याची मागणी उघड केली, तेव्हा मॅग्नेस, ब्युबर, हेन्रिएटा सोल्ड यांनी 'इहूद' हा द्विराष्ट्रवादी गट काढला. इहूद म्हणजे ऐक्य. सभासद मूठभर. मॅग्नेस यांना विद्यापीठातून काढा, अशी मागणी झाली, काढलं मात्र नाही. १९४६ मध्ये अँग्लो-अमेरिकन समितीसमोर त्यांनी साक्ष दिली. आणि त्याच समितीसमोर वॉशिंग्टनला ज्यू राज्याबद्दल शंका मांडणारे दुसरे एक साक्षीदार होते, अल्बर्ट आइनस्टाइन! ज्यांनी याला विद्यापीठ चालवायला नालायक ठरवलं होतं, ते राजकारणात याच्याच शेजारी येऊन बसले.

१३ एप्रिल १९४८ ला माउंट स्कोपसकडे जाणाऱ्या वाहनांच्या ताफ्यावर शेख जर्राह भागात हल्ला झाला. डॉक्टर, परिचारिका, विद्यापीठाचे अध्यापक, असे सत्तराहून जास्त लोक मारले गेले. ब्रिटिश सैन्य जवळच होतं, वेळेवर आलं नाही. आपलीच माणसं, आपल्याच विद्यापीठाच्या रस्त्यावर, अरबांच्या हातून. त्याच महिन्यात एकाहत्तरीला टेकलेले, आजारी मॅग्नेस अमेरिकेला गेले. ५ मेला अध्यक्ष ट्रुमन यांना भेटून त्यांनी युद्ध थांबवा म्हणून विनवलं. १४ मेला इस्रायलची घोषणा झाली आणि ट्रुमन यांनी काही मिनिटांत तिला मान्यता दिली.

मॅग्नेस जेरुसलेमला परतू शकले नाहीत. टेकडीवरचं विद्यापीठ शत्रूच्या वेढ्यातलं बेट झालं होतं. तिथे वर्ग पुन्हा सुरू व्हायला १९६७ नंतरचा काळ उजाडावा लागला, मधली वर्षं शहराच्या पश्चिमेला नवं आवार बांधून काढली. ऑक्टोबर १९४८ मध्ये मॅग्नेस यांनी शेवटचा राजीनामा दिला, 'जॉइंट'मधल्या आपल्या पदाचा. तीस वर्षांपूर्वी ज्या संघटनेसाठी ते पोलंडच्या गावांत फिरले होते तीच. कारण, घरदार सुटलेल्या अरब निर्वासितांना मदत करायला ती तयार नव्हती. २७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

इथे थांबतो. वेळ आहे, प्रश्न असतील तर विचारा.